भिंतीतला दिवा

पहिली वीट निघाली तेव्हा मास्तर एका शर्टाला कॉलर लावत होते. विटेबरोबर सुटलेला चुन्याचा भुगा सरळ त्या कॉलरीवर येऊन पडला.

मास्तरांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक थांबलं. त्यांनी शर्ट उचलून दोनदा झटकला, मांडीवर ठेवला आणि मग वर पाहिलं. त्यांचा मुलगा स्टुलावर उभा होता आणि पुढच्या-मागच्या खोलीमधल्या भिंतीतली दुसरी वीट छिन्नीने सैल करत होता.

“भिंत कुणाची आहे?” मास्तरांनी विचारलं.

“तुमची.”

“मग फोडायला विचारलंस कुणाला?”

“मला विचारलं,” भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून, आईचा आवाज आला. “आणि मी हो म्हटलं.”

गेले तीन दिवस ती या घरात कुणाशी धड बोललेली नव्हती. आता बोलली ती एवढंच.

झालं होतं असं, की त्यांच्या गल्लीत वीज आली होती. कोपऱ्यावर खांब उभा राहिला होता, तारा ओढून झाल्या होत्या आणि वीज कंपनीचा माणूस दारोदार फिरून सांगून गेला होता, सध्या एका घराला एक दिवा. दिवा कुठे लावायचा ते ठरवून ठेवा, उद्या येतो, परवा येतो.

तोपर्यंत घरात एक कंदील होता आणि कंदील जिकडे जाईल तिकडे अख्खं घर जायचं. त्यामुळे दिवा कुठे, हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. मशीनसुद्धा फिरतं होतं. सकाळी ते मागच्या दाराशी असायचं, दुपारनंतर ऊन फिरलं की पुढच्या उंबऱ्यापाशी. दिवसभर मास्तर उजेडाच्या मागे मशीन ढकलत आणि अंधार पडला की काम मिटवत. आता दिवा एका जागी टांगला जाणार म्हटल्यावर पहिल्यांदाच घरात जागेवरून वाद पेटला.

मास्तरांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दिवा पुढच्या खोलीत आला तर संध्याकाळीही काम करता येईल, शाळा सुरू व्हायच्या आधीचे गणवेश वेळेवर देता येतील. आईचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. स्वयंपाकघर घराच्या पार मागे होतं. धूर पुढे येऊ नये म्हणून ते तिथे ढकललेलं. त्याला छताजवळ वीतभर झरोका, तोही काजळीने बुजलेला. भर दुपारी तिथे डाळीतले खडे बोटांनी शोधावे लागायचे. तिच्या डाव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. त्यातले निम्मे अंधारात हंडीचा अंदाज चुकल्याचे.

पण ती भांडली नाही. “लावा पुढे,” एवढं म्हणाली आणि तीन दिवस भांडी जरा जास्तच आवाज करून घासत राहिली.

मुलगा एकोणीस वर्षांचा होता. एका गवंड्याच्या हाताखाली काम शिकत होता. त्याचा स्वभाव असा, की त्याला भांडण सोडवता यायचं नाही, पण भिंत सोडवता यायची. तिसऱ्या दिवशी त्याने भिंतीवर हात फिरवला, वाजवून पाहिली, आणि छिन्नी काढली.

त्याने चार विटा काढल्या. वरती लाकडाचा तुकडा बसवला. कडा सरळ न ठेवता दोन्ही बाजूंनी तिरप्या फोडल्या, म्हणजे उजेड पसरेल, आणि त्यांना पांढराशुभ्र चुना दिला. दुसऱ्या दिवशी वायरमन आला, तर त्याने विचारलं, “हे काय?”

“इथे लावायचा,” मुलगा म्हणाला. “भिंतीत.”

“भिंतीत? म्हणजे नक्की कुठल्या खोलीत?”

“दोन्ही.”

वायरमनने डोकं खाजवलं, भिंतीच्या या बाजूला आला, त्या बाजूला गेला, आणि हसत सुटला. मग त्याने बल्ब त्या खिडकीच्या मधोमध टांगला आणि वाऱ्याने झुलू नये म्हणून खालून सुतळीने बांधून दिला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी मशीन उचलून भिंतीला लावलं. पलीकडे आईने चूल हलवून भिंतीशी आणली. बल्ब म्हणाल तर मिणमिणता. दोघांनाही अर्धाच मिळालेला. मास्तर म्हणाले, “यापेक्षा कंदील बरा होता,” आणि सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवला.

दोघं आता एकमेकांपासून हातभर अंतरावर होते. मधे भिंत होती आणि तिच्यात ती उजेडाची खिडकी. आधी मास्तर उंबऱ्याशी, आई पार मागे. दिवसात दोन-चार वाक्यं व्हायची, तीही जेवताना. आता तोंड दिसत नव्हतं पण शब्द पोचत होता, आणि तोंड दिसत नसल्यामुळेच की काय, बोलणं सोपं जायला लागलं.

“आमटीत मीठ कमी होतं आज,” मास्तर अर्ध्या शिलाईत म्हणायचे.

“जेवताना सांगायला काय झालं होतं?”

“तेव्हा भूक होती.”

मग पलीकडून भांड्यावर डाव आपटल्याचा आवाज. त्या आवाजात राग नाही हे मास्तरांना मशीनच्या खडखडाटातही कळायचं.

एकदा गणवेशांचं काम अंगावर आलं. शंभराच्या वर शर्ट आणि काजं-बटणं करायला माणूस मिळेना. मास्तर स्वतःशीच चरफडत होते. तेवढ्यात त्या खिडकीतून, बल्बच्या खालून, एक हात पुढे आला. भाजल्याचे डाग असलेला.

“द्या इकडे.”

“तुला येतं?”

“वीस वर्षं बघतेय. कितीसं अवघड असतंय.”

मास्तरांनी एक शर्ट दिला, फार विश्वास न ठेवता. भात शिजेपर्यंत तो परत आला. त्यांनी काज उलटंसुलटं करून पाहिलं, टाके मोजले, नखाने ओढून पाहिले. पुढचा शर्ट आत सरकवला. त्यानंतर काजं-बटणांना त्या घरात बाहेरचा माणूस लागला नाही.

हे सगळं मुलगा पाहत होता. पुढे तो मोठा मिस्त्री झाला, त्याने कितीतरी घरं बांधली, पण आपण केलेलं चांगलं काम कोणतं असं कुणी विचारलं असतं तर तो त्या चार विटांकडे बोट दाखवून मोकळा झाला असता.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. घरोघरी हाच तंटा चालू होता. महिन्याभरात त्याला बोलावणी येऊ लागली आणि त्याचं नाव पडलं, भोकपाडे मिस्त्री. आधी त्याला राग यायचा. मग त्याने ते नाव पाटीवर लिहायचंच काय ते बाकी ठेवलं.

अशाच एका घरी तो भिंत फोडायला गेला. इस्त्रीवाल्याचं घर. पुढच्या खोलीत कोळशाच्या इस्त्र्या आणि टेबल, मागे घरची माणसं. त्याने या बाजूने ठोके घातले, वीट पलीकडे ढकलली आणि भगदाडातून समोर पाहिलं, तर पलीकडे एक मुलगी उभी. डोक्यावर चुना, भुवयांवर चुना, आणि पुढ्यात इस्त्री करून रचलेल्या कपड्यांचा ढीग. त्याच्यावरही चुना.

“आधी सांगायचं तरी,” ती म्हणाली.

“मला वाटलं पलीकडे कुणी नाही.”

“भिंतीपलीकडे कुणी नाही असं वाटणाऱ्याने भिंती फोडू नयेत.”

तिने त्याला तो सगळा ढीग अंगणात नेऊन एकेक कपडा झटकायला लावला. तो झटकत होता आणि ती बाजूला उभी राहून, हा राहिला, तो राहिला, असं दाखवत होती. कपडे संपले तेव्हा त्याला वाईट वाटलं. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. तेही फारशी चर्चा न होता, कारण आई म्हणाली होती, “मुलगी बोलकी आहे, घरात बोलकं माणूस पाहिजे,” आणि मास्तर म्हणाले होते, “आहे त्यात भर.”

वर्षं गेली. तारा जाड झाल्या, एका दिव्याची अट गेली. खोलीगणिक दिवा आला, मग पंखा आला. आणि मिस्त्रीला पुन्हा त्याच घरांतून बोलावणी यायला लागली. या वेळी भोकं बुजवायला. पाडणारा तोच, बुजवणाराही तोच.

भोकं बुजवता बुजवता घरं बदलताना त्याला जवळून दिसली. पूर्वी घर बांधताना लोक आधी ऊन कुठून येतं ते विचारायचे. आता ते विचारेनासे झाले. चार भिंतींच्या मधोमध, जिथे पूर्वी फक्त धान्याची पोती ठेवली असती, तिथे लोक झोपायच्या खोल्या काढायला लागले, कारण बटण दाबलं की उजेड. संध्याकाळी दारापुढच्या पायरीवर बसणारी माणसं पंख्याखाली आत जाऊन बसली आणि नव्या घरांना पायऱ्या अरुंद मागायला लागली. एका खोलीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. ज्याचा त्याचा दिवा, ज्याचं त्याचं दार.

“बरं वाटतं हो,” एका घरातली सून त्याला हळूच म्हणाली होती. “भोक बंद झाल्यापासून सासूबाईंना माझी भाजी दिसत नाही.”

मास्तरांच्या घरातही तीन दिवे झाले. तेव्हा मास्तर त्याला म्हणाले, “आता हे आपलंही बुजवून टाक. फोडणीचा वास कपड्यांना लागतो.”

“बुजवा की,” पलीकडून आई म्हणाली. “मग बटणांचे शर्ट दारावरून फिरवून आणत जा.”

मास्तरांनी हातातला शर्ट नाकाशी नेऊन हुंगला. मग म्हणाले, “राहू दे. चुना आणलाच असशील तर कडांना एक हात मार.”

आई गेली ती एका पावसाळ्याच्या शेवटी, पंधरा दिवसांच्या तापाने. फार हाल झाले नाहीत. शेवटच्या आठवड्यात ती पुढच्या खोलीत झोपून होती आणि मास्तर तिच्या शेजारी बसून, तिने अर्धवट टाकलेली बटणं लावत होते. ती बघायची आणि म्हणायची, “टाके लांब पडतायत तुमचे.” तेरावं झाल्यावर त्यांनी मशीनवर कापड टाकलं, ते परत काढलं नाही. गिऱ्हाइकं आली की म्हणायचे, “डोळे गेले आता.” डोळे गेलेले नव्हते. मुलाला ठाऊक होतं, कारण मास्तर रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं बारीक अक्षर अजून वाचत होते.

मिस्त्री आणि त्याची बायको तोपर्यंत, जुन्या घरात जागा पुरेना म्हणून घेतलेल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. त्यांना एक मुलगी होती, उशिरा झालेली, सहा वर्षांची. आई असतानाच त्यांनी जरा लांबच्या रस्त्यावर जागा घेतली होती. आता घर बांधून मास्तरांना तिथे आणायचं असं दोघांनी ठरवलं. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, “तुम्ही बांधा. मी येऊन बघेन.” येऊन राहीन असं म्हणाले नाहीत.

घराचा आराखडा बायकोने काढला. जमिनीवर खडूने. मिस्त्री कामावरून आला तर अख्ख्या खोलीत रेघा.

“हे काय आहे?” त्याने एका मोठ्या चौकोनावर पाय ठेवून विचारलं.

“स्वयंपाकघर.”

“हे तर रस्त्याच्या बाजूला आहे.”

“हो.”

“स्वयंपाकघर मागे असतं.”

“का असतं?”

“का म्हणजे काय. धूर.”

“आता धूर आहे का? विजेची शेगडी आहे. वास ओढून घ्यायला पंखा लावणार आहात तुम्हीच. मग धूर कुठाय?”

“नाहीये,” मिस्त्रीने कबूल केलं.

“धूर गेला. मग मी मागे का?”

पंचवीस वर्षं मिस्त्री घरं बांधत होता. किती स्वयंपाकघरं मागे ढकलली असतील त्याची गणती नव्हती, आणि हा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. तो त्या खडूच्या रेघेपाशी उकिडवा बसला आणि रस्त्याकडची रेघ वितीने मोजली. शेवटी म्हणाला, “खिडकी मोठी लागेल मग.”

“चांगली मोठी. आणि बसायची खोली नि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नको.”

“भिंत नको?”

“भिंत बांधायची, मग तिला भोक पाडायचं, मग ते बुजवायचं. त्यापेक्षा नकोच.”

तो हसला. काम सुरू झालं.

छप्पर घालून झाल्यावर एका सकाळी त्याने मास्तरांना दाखवायला आणलं. मास्तर सावकाश दारातून आत आले. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रस्त्याच्या बाजूला खिडकीची मोठी चौकट, समोर उघडीच्या उघडी जागा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“भिंत कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“इथे भिंत नाहीये बाबा. इकडे हिचा ओटा येईल आणि इकडे तुमची बैठक.”

“नाही, पण भिंत कुठे आहे?”

ते असं विचारत होते जणू कुणी ती उचलून नेली आहे. मिस्त्री समजावायला गेला, की आता अशीच घरं बांधतात, सगळीकडे उजेड सारखा येतो, कुणी एका बाजूला पडत नाही. मास्तरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमच्या पसंतीचं झालंय ना, मग झालं,” आणि पायऱ्या उतरून निघून गेले. वाटेत मिस्त्री त्यांना सोडायला बरोबर चालत होता. ते त्याच्यापुढे चार पावलं चालत राहिले.

घरी आल्यावर मिस्त्री बायकोला म्हणाला, “ते येणार नाहीत. पंचवीस वर्षं ते त्या भिंतीला लागून बसलेत. इथे त्यांना पाठ टेकायलाही काही नाही. मी मधे एक भिंत घालतो.”

“भिंतीने सासूबाई परत येणार आहेत का?”

“मग काय करू?”

“तुम्ही काही करू नका,” ती म्हणाली. “तुम्ही तेवढं ओटा बांधायचं थांबा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच जुन्या घरी गेली. हे सगळं मिस्त्रीला तिने नंतर सांगितलं, पण इतक्या वेळा सांगितलं की त्याला आपण तिथे हजर होतो असंच वाटायचं. मास्तर पुढच्या खोलीत बसले होते. ती समोर बसली आणि म्हणाली, “मामंजी, तुमच्याकडे काम आहे. माप घ्यायचंय.”

“मी शिवण सोडलीय.”

“शिवायचं नाहीये. ओट्याचं माप. तुमचा मुलगा म्हणतो सगळ्यांचा ओटा तीन वीत नि चार बोटं. भाड्याच्या घरातही तसाच आहे, माझे खांदे दुखतात. उंच होतो का बुटका होतो ते मला कळत नाही.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. “सगळ्यांचा एकच?”

“एकच.”

“माणसं काय एकाच मापाची असतात?” मास्तर उठले. कापडाखालच्या मशीनचा खण उघडून त्यांनी टेप काढली, झटकली. “उभी राहा. चप्पल काढ, घरात कुणी चपलेने रांधत नाही. हात कोपरात वाकव. कणीक मळतेस तसा. आता टेपचं एक टोक तू कोपराशी धर, मी खालचं वाचतो.”

त्यांनी वाकून आकडा वाचला. मग तिला लाटताना हात कसे असतात ते करून दाखवायला लावलं. मग चिरताना. तिन्ही आकडे वेगळे आले. त्यांनी ते एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून काढले आणि पेन्सिल कानावर ठेवली.

“तुझ्या सासूचं माप मी कधी घेतलं नाही,” ते म्हणाले. “तिचे कपडे नजरेनं शिवायचो. कधी चुकले नाहीत.” मग थोड्या वेळाने, “पण खाली बसून बसून तिचे गुडघे गेले. ते काही नजरेला दिसलं नाही.”

तिने टेप गुंडाळून त्यांच्या हातात दिली. बोलकी असली तरी कधी बोलू नये हे तिला कळत होतं.

त्या संध्याकाळी मास्तर स्वतःहून नव्या घरी आले, गळ्यात टेप. मिस्त्री बांबूंच्या पायाडावर चढून काम करत होता.

“ओटा मळायच्या जागी चार बोटं खाली घे,” ते म्हणाले. “चिरायच्या जागी हे माप. एकसलग ठेवू नकोस.”

“बाबा, ओट्याला पायरी कुणी करत नाही.”

“शर्टाची छाती आणि कंबर एकाच मापाची करतो का मी?”

मिस्त्री पायाडावरून खाली उतरला. कागद घेतला. बापाचं अक्षर होतं, शर्टाच्या मापांसारखं, एकाखाली एक.

“आणि ही बटणांची जागा कुणी ठरवली?” मास्तरांनी भिंतीतल्या विजेच्या बोर्डाच्या खोबणीकडे बोट दाखवलं.

“वायरमन खुणा करून गेलाय. खांद्याच्या उंचीवर लावतात.”

“कुणाच्या खांद्याच्या?”

मिस्त्रीने वायरमनची उंची आठवून पाहिली. खरंच ताडमाड माणूस होता.

“तुझी पोरगी कशी दाबेल? अंधारात ‘आई, दिवा लाव’ म्हणून रडत बसेल? आणि माझा हा हात वर जात नाही हल्ली.” मास्तरांनी भिंतीला पाठ लावून हात जेवढा सहज उठेल तेवढा उठवला आणि तिथे पेन्सिलने रेघ मारली. मग नातीला बोलावून तिचा हात धरून पाहिला. रेघ आणखी वीतभर खाली आली. “इथे,” ते म्हणाले.

पुढचे दोन महिने ते रोज येत होते. मिस्त्री वैतागला नाही असं नाही. तीन बोर्ड त्याला परत फोडावे लागले. कपाटाची फळी दोनदा काढून लावली. एकदा तो बायकोला म्हणाला सुद्धा, “घर बांधतोय की कोट शिवतोय तेच कळेनासं झालंय.” पण संध्याकाळी काम थांबल्यावर तो एकटा त्या घरात फिरायचा आणि बटणापाशी हात नेला की न पाहता बोट बटणावर पडायचं. इतक्या वर्षांत त्याने बांधलेल्या एकाही घरात असं होत नव्हतं.

वास्तव्याला आले त्या दिवशी मास्तर आपलं मशीन हातगाडीवर घालून, स्वतः गाडीबरोबर चालत आले. कुणी या म्हणायची वाट पाहिली नाही. मशीन कुठे ठेवायचं यावर मात्र अर्धा तास घालवला, आणि शेवटी ते ओट्याच्या सखल भागाला काटकोनात लावलं. सुनेच्या हाताला येईल असं. त्यावरचं कापड मात्र तसंच राहिलं.

नव्या घराचं लोकांना अप्रूप होतं. रस्त्यावरून जाणारे येणारे त्या मोठ्या खिडकीपाशी रेंगाळायचे. आत एक बाई उभी राहून भाजी चिरते आहे आणि शेजारी सासरा पेपर वाचतो आहे, हे त्यांना दुकानातल्या देखाव्यासारखं वाटायचं. एकदोघांनी वाकून आतही पाहिलं. सून म्हणाली, “बघेनात. मी काय चोरी करतेय?” पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती खिडकीकडे पाठ करून काम करायला लागली, आणि ते मास्तरांनी पाहिलं.

त्या संध्याकाळी मिस्त्री कामावरून आला तेव्हा मशीनवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलेलं होतं, चाकाला तेल दिलेलं होतं आणि मास्तर पांढऱ्या विरळ सुती कापडाची लांब पट्टी सुईखालून सरकवत होते. पडदा. पण खिडकीच्या अर्ध्याच उंचीचा.

“अर्धाच?” मिस्त्रीने विचारलं.

“तिचं डोकं नि खांदे झाकले की पुरे. वरचा उजेड कशाला अडवायचा?” ते मान वर न करता म्हणाले. “हिला आतून रस्ता दिसायला पाहिजे, रस्त्याला ही दिसायला नको. तेवढाच शिवलाय.”

पडदा त्यांनी स्वतःच दांडीवर ओवला आणि खिडकीच्या मध्यावर लावला, खालची कड चौकटीला टेकेल असा. मग चप्पल घालून बाहेर गेले, रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिले, आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले. मिस्त्री दारात येऊन थांबला. गळ्यात टेप घातलेला म्हातारा भर रस्त्यावर आपल्याच घराकडे एकटक पाहतोय म्हणून दोन सायकलवाले वळून पाहत गेले.

मास्तर परत आले. “खालची कड वाकडी दिसतेय,” ते म्हणाले.

“पडदा वाकडा शिवला गेला असेल.”

“पडदा सरळ आहे.”

मिस्त्री आत गेला. हत्यारांच्या पेटीतून त्याने सपाटी बघायची पाणसळ काढली आणि खिडकीच्या चौकटीवर आडवी ठेवली. काचेतला बुडबुडा मधे थांबला नाही. डावीकडे सरकला आणि तिथेच राहिला. त्याने पाणसळ उलटी करून ठेवली. तेच. खिडकी उजवीकडे अर्धं बोट उतरली होती. त्याची स्वतःच्या घराची, स्वतःच्या हाताने लावलेली, सगळ्यांनी वाखाणलेली खिडकी.

त्याचे कान तापले. “फोडून नीट करतो,” तो म्हणाला. “उद्याच.”

“एवढी भिंत कशाला फोडतोस?” मास्तर म्हणाले. त्यांनी पडदा काढून पुन्हा मांडीवर घेतला होता आणि ब्लेडने खालची दुमड उसवायला सुरुवात केली होती. “कापड माझ्या हातात आहे.”

सुनेने दिव्याचं बटण दाबलं. मास्तरांनी दुमड नव्याने घातली. एका टोकाला दोन बोटं, दुसऱ्या टोकाला दीड, आणि मधला सगळा उतार टाक्याटाक्याने, चाक हळू फिरवत, सांभाळून. मग ते पडदा लावायला उठले तेव्हा मिस्त्री आधीच बाहेर जाऊन रस्त्यापलीकडे उभा होता.

तिथून पाहिलं तर खिडकी अगदी सरळ दिसत होती.